सोनीबाईच्या सुरीचं म्यान

लोक घराबाहेर पडतात ते देव बघायला, डोंगर बघायला, नाहीतर नात्यातलं लग्न गाठायला. मी यंदा पोळ्याच्या तोंडावर आठवडाभर फिरले ती कातडी बघायला. परत आल्यापासून जो तो विचारतोय कशाला गेली होतीस, आणि कारण सांगितलं की हसतोय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. यापुढे ज्याला विचारायचं असेल त्याने हे वाचावं आणि मग खुशाल हसावं.

आमची नाशिकला लागून मखमलाबादला गुलाबाची रोपवाटिका आहे. वडिलांनी मला डोळा भरायला, म्हणजे खुंटाच्या सालीत चांगल्या जातीचा कोंब बसवायला शिकवलं तेव्हा मी नववीत होते. गुलाबावर हात बसला, तशी मी द्राक्षाच्या कलमांकडे वळले. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षाची बाग लावताना आधी रानटी खुंट लावतात. पावसाळा सरत आला की त्याचा शेंडा उडवून, त्याला चीर देऊन, चांगल्या जातीची काडी पाचरीसारखी त्यात बसवतात. या कामाला आमच्याकडे डोंगरातल्या सुरगाण्याहून टोळ्या येतात. टोळीत पुरुष सुरीनं काप घेतो आणि बाई मागून प्लास्टिकची पट्टी गुंडाळते. ज्याच्या कमरेला चामड्याच्या म्यानात सुरी असते तो कारागीर, आणि बागायतदार बोलतो तो त्याच्याशीच. बायकांना नुसतं 'पट्टीवाल्या' म्हणतात.

सोनीबाई अशीच पट्टीवाली. तिचा नवरा देवराम हा टोळीतला नावाजलेला कारागीर, पण तीन वर्षांपूर्वी त्याच्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून तो ओळीत पुढे वाकून बसतो, सोनीबाई त्याच्या आडोशाला बसते आणि काप ती घेते. पट्टीही तीच बांधते. टोळीत सगळ्यात जास्त कलमं अजूनही देवरामचीच धरतात असं सगळे म्हणतात. मला खरं काय ते कळलं, कारण एकदा मी पिण्याचं पाणी घेऊन अवेळी त्या ओळीत शिरले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तांब्या खाली ठेवला, आणि दोघींनीही त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

यंदा दिंडोरीकडच्या एका बागायतदारांनी मला एक प्लॉट देऊ केला, नुसत्या बायकांच्या टोळीसाठी. कलमं धरली तर पुढच्या वर्षी सगळी बाग. सोनीबाई आली तर तिच्या पाड्यावरच्या सात जणी येणार होत्या, ती नाही तर कोणीच नाही. तिचं घोडं एका जागी अडलं होतं. त्यांच्या नेहमीच्या टोळीचा मुकादम पांडू हा तिचा धाकटा दीर. तिनं उघड सुरी धरली तर तो तिला आणि देवरामला टोळीत पुन्हा उभं करणार नव्हता, आणि वर्षाचे ते तीन महिनेच त्यांचं घर चालवतात. फोनवर ती एवढंच म्हणाली, "ताई, तू ये, मग बघू."

याच पांडूनं मागल्या हंगामात मला डब्याच्या पिशवीतून सुरी काढताना पाहून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "बाईची सुरी डब्यातच बरी, ताई. भाकर कापायला." भाकरी सुरीनं कापतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तेव्हा मी गप्प बसले, त्याचा राग अजून आहे. म्हणून मी ठरवलं की सोनीबाईकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. तिच्यासाठी लोहाराकडून नवी सुरी करून घेतली होतीच, आता तिला म्यान हवं, आणि तेही असं की दहा ओळी पलीकडून गड्यांनी मान वर करून विचारावं, कसलं आहे हे.

थोरला भाऊ म्हणाला, "पीव्हीसी पाईपाचा तुकडा घे, तापव, दाब. दहा मिनिटांचं काम." वहिनी म्हणाली, "चामडं आणायचं तर आण, पण देवघराच्या खोलीत नको." मी म्हटलं, "मग आरतीची ढोलकी कशाची आहे, पुठ्ठ्याची?" ती चहा टाकायला आत गेली.

जुनं नाशिक

भाचीनं मोबाइलवर दाखवलं होतं की परदेशात हौशी लोक सुरीच्या म्यानाला मगर, अजगर, शहामृग असली कातडी लावतात. मी म्हटलं, हौस काय फक्त त्यांनीच करायची? पहिल्या दिवशी मी गावातल्याच एका दुकानात गेले. दुकानदारानं मला बसवलं, पंखा लावला आणि एक काळाभोर तुकडा पुढे केला. "मगर आहे," म्हणाला.

मी तो उलटसुलट केला. खवले सगळे एका मापाचे, आणि एक ओरखडा दर वीतभर अंतरावर पुन्हा पुन्हा तोच. "शेठ, ही मगर साच्यातून निघाली का?" मी विचारलं. तो हसला. म्हशीच्या कातड्यावर ठसा मारलेला होता, हे त्यानं लगेच कबूल केलं. मग दाराकडे एकदा पाहून त्यानं खालचा खण उघडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

घोरपडीचं कातडं होतं. खोटं कशाला बोलू, फार सुरेख होतं. बारीक मणी ओवल्यासारखी नक्षी, मधूनमधून पिवळसर ठिपके. हात लावायचा मोह झाला आणि मी लावलाही.

"म्यानाला यासारखं दुसरं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "फक्त कुठून घेतलं ते बोलायचं नाही."

"हे जवळ ठेवणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"अहो ताई, मेलेलीच सापडली होती."

"मेल्याशिवाय कातडं कोण देतं?" मी म्हटलं आणि उठले. बाहेर येऊन वन खात्याला फोन केला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, फोन केला एवढं खरं. कायद्याची भीती होतीच, पण माझं कारण आणखी एक होतं. सोनीबाईनं तीन वर्षं लपवाछपवी केली होती. तिच्या कमरेला पुन्हा लपवायची वस्तू बांधायला मी निघाले नव्हते.

येवला

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं येवल्याला निघाले. बाई एकटी येवल्याला निघाली म्हणजे पैठणीच, असं गृहीत धरून कंडक्टरनं विचारलं, "लग्न आहे वाटतं घरात?" मी म्हटलं, "नाही, चामडं घ्यायचंय." त्यानं तिकीट फाडून दिलं आणि येवला येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीतून दोन्ही अंगांना कांद्याच्या चाळी सरकत होत्या. निफाड मागे पडलं तशी हिरवाई विरळ झाली आणि हवा कोरडी लागायला लागली.

येवल्याला घोड्यांचा बाजार भरतो, त्यामुळे तिथे घोड्यांचं सामान करणारे जुने कारागीर अजून आहेत. मला दगडूमामांचं नाव कळलं होतं. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला, आणि पुढ्यात अर्धवट शिवलेलं खोगीर. मी कातड्याचं बोलायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "आदी सुरी दावा."

सुरी हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं. मी ती फरशीवर ठेवली, त्यांनी ती उचलली, पात्यावरून नख फिरवलं. "जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याची हाय. लोहार चांगला गाठला तुमी." एवढं झाल्यावर त्यांनी मागच्या पेटीतून तीन तुकडे काढून पोत्यावर मांडले.

पहिलं पाकट माशाचं होतं, वर टपोरे मोत्यांसारखे दाणे. "दिसायला झ्याक, पन शिवताना सुया मोडत्यात. आन धार घासली का बोथट." दुसरं उंटाचं, जाड आणि तांबूस. "राजस्थानातून आलंय. दणकट हाय, पन मिठावलेलं हाय. सुरी वली घालायची नाय त्याच्यात." तिसऱ्या तुकड्याकडे बोट करून ते म्हणाले, "हे वळखा बरं."

बदामी रंगाच्या कातड्यावर जागोजागी बारीक फुगवटे होते, अंगावर काटा यावा तसे. मला काही सांगता येईना.

"एमू," मामा म्हणाले. "मागं लोकांनी त्ये उंच पक्षी पाळले नव्हते का, धंदा बसला आन पक्षी गेले. एकानं कातडी माज्याकडं आनून टाकली. मी बाभळीच्या सालीत कमावली. ह्यो एकेक फोड म्हंजी एकेक पिसाची जागा. इतकी वर्सं झाली, कोनी इचारलं नाय."

कोणासाठी हवंय ते त्यांनी विचारलं, आणि मी सोनीबाईची सगळी कथा सांगितली. ते शिवायचे थांबले. "आमच्या हातचं लोक पायात घालत्यात, घोड्यावर टाकत्यात, कमरेला बांधत्यात," ते म्हणाले, "आन पान्याचा तांब्या देताना लांबून देत्यात. तुमच्या बाईला सांगा, म्यान डाव्या अंगाला बांधायचं. उजव्या हाताला सुरी सरळ येती."

दुपारी त्यांच्या सुनेनं बाजरीची भाकरी आणि कांद्याची चटणी वाढली. मी पाण्याचा तांब्या मामांच्या हातातून घेतला आणि प्याले. पिताना क्षणभर मला आपण काहीतरी मोठं केलं असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाज वाटली. तांब्यातून पाणी प्यायला कसलं धाडस लागतं? लागत असेल तर ती आमच्या घरांची गोष्ट आहे, त्यांच्या घराची नाही.

कोणतं घ्यावं ते ठरेना. शेवटी मामांनी दुपारभर बसून दोन म्यानं शिवली. एक उंटाचं, आणि एक बाहेरून एमू व आतून सालीत कमावलेल्या शेळीच्या अस्तराचं. मेणाचा दोरा, दोन सुयांची उलटसुलट टीप. मी समोर बसून ती बोटं बघत होते. आमच्याकडे कलम करणाऱ्याचा हात बघतात तसंच बघत होते.

पुन्हा घरी, एक रात्र

इथे मी माती खाल्ली. आम्हा रोपवाटिकेवाल्यांना एक सवय असते. रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून काप घेतला की सुरी औषधाच्या पाण्यात बुडवायची. रात्री घरी पोचल्यावर मी सुरी दोन गुलाबांवर चालवून पाहिली, सवयीनं बुडवली आणि सवयीनंच ओलीच्या ओली उंटाच्या म्यानात घातली. मामांनी जे एकच वाक्य बजावून सांगितलं होतं ते मी बारा तासही पाळलं नाही. सकाळी पात्यावर नारिंगी डाग. अर्धा तास दगडावर घासत बसले. भाऊ दात घासत उभा होता, म्हणाला, "पाईप गंजत नाही."

उंटाचं म्यान मी घरीच ठेवलं. माझ्या हाताला ती सवय आहे तर सोनीबाईच्याही असणार, आणि दिवसातून हजारदा सुरी बुडवणाऱ्याला नाजूक नखरे परवडत नाहीत.

हरसूल

तिसऱ्या दिवशी हरसूल. आठवड्याचा बाजार होता आणि पोळा जवळ आलेला, त्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या नाशिकला आता पोळ्याला प्लास्टिकची झगमगीत फुलं आणि तयार झुली मिळतात. इथे अजून लोक शिंगांना लावायचा रंग बोटावर घासून बघतात, घुंगरू कानाशी धरून वाजवतात. एका मावशीकडे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्याची, भाजी आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मिळाली. भाजी किंचित आंबट, भाकरी काळसर आणि गरम. मी दोनदा मागून घेतली.

झाडाखाली एक कारागीर बैलांचे घुंगरपट्टे शिवत बसला होता. मी एमूचं म्यान त्याला दाखवलं, खरं तर मिरवायलाच. त्यानं शिवण पाहून मान डोलावली, मग विचारलं, "कोनाला?" मी सांगितलं.

"बाईमान्साच्या कंबरेला येवढं नखऱ्याचं?" तो म्हणाला. वाईट बोलत नव्हता, माणूस भला होता. "लोक आदी म्यान बघतील, मंग काम. वाद वाढंल. तुमी तिला साधं द्या, काळं. कोनाच्या डोळ्यावर येनार नाय."

मला ते पटलं. नाशिकहून निघताना केवढा आव आणला होता, पण सुरगाणा जवळ यायला लागलं तसा माझा जोर ओसरत होता. पांडूला तोंड द्यायचं ते मला नाही, सोनीबाईला, भोगायचं तिला. असं मी स्वतःला समजावलं. त्या कारागिरानं तासाभरात शेळीच्या काळ्या कातड्याचं साधं, सुबक म्यान शिवून दिलं. एमूचं मी पिशवीच्या तळाशी टॉवेलाखाली घातलं.

सुरगाणा

हरसूलहून पेठ, पेठहून बाऱ्हे आणि तिथून पुढे जीप. जीपमध्ये आम्ही किती होतो ते सांगत नाही, कोणाला खरं वाटणार नाही. दोन्हीकडे भाताची खाचरं, उतारावर नागली, आणि ढग इतके खाली की वळणावर ड्रायव्हर डोकं बाहेर काढून रस्ता बघत होता. आमच्याकडे रान म्हणजे सरळ ओळी, तारा, ठिबकच्या नळ्या. इथे प्रत्येक खाचर आपापल्या आकाराचं.

सोनीबाईचं घर पाड्याच्या टोकाला. देवराम ओट्यावर बसला होता, हात मांडीखाली दाबून. त्याची ती नेहमीची बसायची पद्धत. सोनीबाईनं पाय धुवायला पाणी दिलं, उडदाचं वरण आणि भात वाढला, गुलाबांची चौकशी केली. कामाचं ती काही बोलेना. जेवण झाल्यावर मीच सुरी आणि काळं म्यान तिच्यापुढे जमिनीवर ठेवलं.

तिनं सुरी उचलली, अंगठ्यावर तोलली. म्यान उलटंपालटं करून पाहिलं. "चांगलं हाय," म्हणाली आणि पुन्हा खाली ठेवलं. होही नाही, नाहीही नाही.

पोरांसाठी आणलेले पेढे काढायला मी पिशवीत हात घातला, टॉवेल ओढला, आणि त्याच्याबरोबर एमूचं म्यान बाहेर आलं. सोनीबाईनं ते उचललं. त्या फुगवट्यांवरून हळूहळू अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"हे कोनाचं?"

"तुझंच. म्हणजे तुझ्यासाठीच केलं होतं," मी म्हटलं. "पण जरा डोळ्यात भरतं."

"मंग?"

"मग काही नाही. म्हटलं उगाच वाद नको."

तिनं म्यान मांडीवर घेतलं. "ताई, तीन वर्सं मी यांच्या पाठीमागं लपून कापलं. आता तू नाशिकवरून येवढी आली, आन मला काळं देती? कोनाला दिसू नये म्हनून?"

मला तोंड वर करवेना. घरापासून इथपर्यंत मी ज्याला त्याला उत्तरं देत आले होते, वहिनीला, शेठला, कंडक्टरला, आणि या बाईपुढे मी पेढ्यांचा पुडा सोडत बसले. तिनं काळं म्यान परत माझ्या पिशवीत घातलं. एमूचं ठेवून घेतलं. म्हणाली, "पोळा होऊ दे. मंग निघू."

पोळा मी तिथेच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्याच्या फाट्यावर जीप उभी होती, आम्हीच ठरवलेली. सात जणी बोचकी घेऊन जमल्या. नेहमीची टोळीही त्याच दिवशी निघायची होती, त्यामुळे पांडू आणि त्याची माणसं दुसऱ्या जीपची वाट बघत फाट्यावरच होती. सोनीबाई आली. लुगडं घट्ट नेसलेलं, आणि डाव्या कमरेला बदामी म्यान. सगळ्या फाट्याची नजर तिथे गेली. एकानं विचारलंच, "कसलं हाय ते?"

"पक्ष्याचं," सोनीबाई म्हणाली.

पांडू पुढे आला. "वयनी, सोडा ते. बाईच्या हातचं कलम धरत नाय. झाडाला इटाळ होतो."

मी मध्ये पडले. "पट्टी आजवर कोणी बांधली रे पांडू? बाईनंच ना? मग विटाळ सुरीलाच कसा होतो, पट्टीला का नाही?"

त्यानं माझ्याकडे लक्षही दिलं नाही. "आज गेलात तर माज्या टोळीत परत जागा नाय. दादालाबी नाय. दादाची कलमं पंचक्रोशीत एक नंबर, त्याच्या नावाला कशाला बट्टा लावता?"

सोनीबाई खाली बघत होती. मला वाटलं, संपलं. तिला बोलायचं असतं तर एका वाक्याचं काम होतं, पण त्या वाक्यात नवऱ्याची अब्रू जात होती, आणि ते ती बोलणार नव्हती.

तेवढ्यात मागून देवराम आला. बायकोला पोचवायला म्हणून आला होता. त्यानं आपले दोन्ही हात पांडूपुढे धरले. ते थरथरत होते, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

"हे बघ," तो म्हणाला. "या हातानं मला बिडी पेटवता येत नाय. तीन वर्सं एक कलम केलेलं नाय मी. सगळी हिची हायत."

पांडू त्या हातांकडे बघत राहिला. टोळीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, मग देवरामकडे, मग त्या म्यानाकडे. देवरामनं हात खाली घेतले, पण मांडीखाली दाबायला तिथे बसायला जागा नव्हती, म्हणून ते तसेच बाजूला हलत राहिले.

टोळीच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा मुकादमाची असते. बायका मागे, बोचक्यांबरोबर. सोनीबाईनं पुढचं दार उघडलं, म्यान आडवं येऊ नये म्हणून जरा सरकवलं आणि बसली. आम्ही सगळ्या मागे चढलो. ड्रायव्हर किल्लीला हात लावून पांडूकडे बघत राहिला.

"त्याच्याकडं काय बघतोस?" सोनीबाई म्हणाली. "टोळी माझी हाय. चल."